एअर फ्रायरमध्ये गरम केलेला वडा बाहेरून करपतो, आतून गारच राहतो: कारणं आणि उपाय

रविवारी बटाटेवडे केले की आमच्याकडे सात-आठ उरतातच. सोमवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर ते फ्रिजमधून काढायचे, एअर फ्रायरमध्ये टाकायचे, २०० अंश, ७ मिनिटं. बाहेर काढले की रंग गडद, वास छान, बोट लावलं तर चटका बसतो. आणि पहिला घास घेताच सासूबाई म्हणतात, "अगं, आतला बटाटा गारच आहे की." मग ते पुन्हा आत जातात. आणखी ३ मिनिटांनी बेसनाचं कवच काळपट, कडू आणि टाळूला टोचेल इतकं कडक होतं. बटाटा मात्र जेमतेम कोमट.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. हे दर आठवड्याला व्हायला लागलं, आणि विचारलं तेव्हा कळलं की बहिणीकडे, शेजारी, ऑफिसातल्या दोघींकडे अगदी हेच होतंय. दोघींनी तर यंत्र पुन्हा खोक्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. मला अन्न टाकून देणं जमत नाही, आणि आदल्या दिवशी तासभर उभं राहून केलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी अर्धवट चवीचा खाणंही नको वाटतं. म्हणून एक टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर आणला, वही केली आणि काही महिने प्रत्येक उरलेल्या पदार्थाची नोंद ठेवली. पुढचे आकडे त्या वहीतले आहेत. माझं यंत्र साधारण चार लिटरचं, १५०० वॉटचं आहे. तुमच्याकडे एक-दोन मिनिटं मागेपुढे होतील, पण कारणं तीच राहतील.

वड्याच्या पोटात काय चाललंय

पहिल्याच दिवशी थर्मामीटरने उत्तर दिलं. साधारण ५ सेंटिमीटरचा, फ्रिजमधून थेट काढलेला गोल वडा २०० अंशांवर ७ मिनिटं ठेवला. कवच इतकं तापलेलं की हातात धरवत नव्हतं. सळई बरोबर मध्यभागी खुपसली तर आकडा आला २४. आपलं अंग ३७ अंशांचं असतं, त्यामुळे २४ अंशांचा बटाटा जिभेला गारच लागणार. सासूबाईंची तक्रार शंभर टक्के खरी होती.

एअर फ्रायरमध्ये तळणं होत नाही, नावात 'फ्रायर' असलं तरी. वर एक तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, आणि बंद जागेत जोरात फिरणारी गरम हवा. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात पहिल्यांदा हे यंत्र दाखवलं तेव्हापासून त्याची रचना मुळात तीच आहे: पंखा लावलेली एक छोटी भट्टी. ही हवा पदार्थाचं फक्त वरचं अंग तापवते. तिथून आत उष्णता पोचते ती पदार्थातूनच, कणाकणाने सरकत. बटाट्याचं सारण दाट आणि ओलसर असतं, त्यातून ती फार सावकाश जाते. यात एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: एकाच आकाराच्या पदार्थाची जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत ऊब पोचायला साधारण चौपट वेळ लागतो.

आता दुसरी गोष्ट. आतला बटाटा ओला असतो आणि पाणी असेपर्यंत त्याचं तापमान १०० च्या वर जात नाही. म्हणजे तुम्ही १५० लावा नाहीतर २००, आत शिरणाऱ्या उष्णतेचा वेग फारसा बदलत नाही. बदलतं ते बाहेरचं. कवच आदल्या दिवशीच तळून कोरडं झालेलं असतं, त्याच्यात थोपवायला पाणीच उरलेलं नसतं, म्हणून वाढवलेले ५० अंश सगळे त्यालाच जाळायला खर्च होतात. "आत गार राहिलं, तापमान वाढवू" हा आपला सहज विचार असतो आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. वाढवायचा असतो वेळ. आणि तापमान उलट कमी करायचं असतं.

मग पुढच्या सोमवारी १५० अंशांवर अख्खा वडा ठेवून पाहिला. मध्यभागी ७४ अंश (उरलेलं अन्न आतपर्यंत एवढं तापायला हवं, का ते पुढे सांगते) यायला १६ मिनिटं लागली. वडा खाण्यासारखा होता, पण इतका वेळ वाऱ्यात राहिल्याने कवच जाड आणि पापुद्र्यासारखं सुटं झालं होतं. त्यानंतर वडा सुरीने सरळ मधून अर्धा केला. बस्स. आमच्या घरचा प्रश्न तिथेच सुटला.

अर्धे केलेले वडे कापलेली बाजू खाली ठेवून १५० वर ८ मिनिटं, मग १९० वर २ मिनिटं, कवच पुन्हा कुरकुरीत होण्यासाठी. बाहेर काढल्यावर २ मिनिटं तसेच जाळीवर राहू द्यायचे. त्या दोन मिनिटांत कडेची ऊब मध्याकडे सरकत राहते आणि आकडा आणखी तीन-चार अंश चढतो. कापलेल्या बाजूला बटाट्यावर हलकी सोनेरी साय धरते, तीही चांगली लागते. पावात घालायचा असेल तर हे दोन अर्धे शेजारी शेजारी ठेवले की पाव नीट मिटतो. मुलाला आता अख्ख्यापेक्षा हाच आवडतो.

अख्खाच हवा असेल, म्हणजे पाहुण्यांना द्यायचा असेल, तर मायक्रोवेव्ह असलेल्यांनी तो आधी तिथे ४० सेकंद फिरवावा आणि मग १८० वर ४ मिनिटं एअर फ्रायर. मायक्रोवेव्हची ऊब दोन-तीन सेंटिमीटर आत शिरते पण कवच लिबलिबीत करते, एअर फ्रायरचं अगदी उलट आहे. दोन्ही मिळून काम पूर्ण होतं. सामोसा कापला तर सारण सांडतं, म्हणून त्याला मी हीच पद्धत वापरते. कचोरीलाही.

शिळं म्हणजे नक्की काय झालेलं?

वड्याचं जमलं म्हणून तोच आकडा सगळ्याला लावायला गेले आणि साबुदाणावड्याने पुन्हा अडवलं. तेव्हा लक्षात आलं की 'शिळं' हा एकच शब्द वापरून आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एका टोपलीत टाकतो. आपल्या आजीला हे बरोबर कळायचं. ती भजी 'मऊ पडली' म्हणायची, थालीपीठ 'वातड' झालं म्हणायची, चकली 'सादळली' म्हणायची. एकीचा शब्द दुसरीला कधी लावायची नाही. या शब्दांमध्येच निदान आहे, कारण प्रत्येकात पाण्याचं काहीतरी वेगळं झालेलं असतं. मऊ पडणं म्हणजे आतलं पाणी कवचात आलं. वातड होणं म्हणजे पाणी उडालं किंवा पिठाने ते सोडून दिलं. सादळणं म्हणजे हवेतलं पाणी शिरलं. एअर फ्रायरला बटण लावण्याआधी हा पदार्थ यांपैकी कोणता, एवढं स्वतःला विचारलं की निम्मं काम होतं.

मऊ पडलेलं: भजी, वडे, कटलेट

तळलेल्या पदार्थाच्या कवचात पाणी जवळजवळ नसतं आणि आतल्या सारणात भरपूर असतं. रात्रभरात आतलं पाणी कवचाकडे सरकतं. हे थांबवता येत नाही, पण आपण त्यात मोठी भर घालतो ती गरम वडे झाकणाच्या डब्यात भरून. वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन परत वड्यांवर पडते. सकाळी डबा उघडला की कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं झालेलं असतं, आणि एअर फ्रायर ते वाळवताना आधी चिवट करतो आणि मग कडक. त्यामुळे गरम करण्याची खरी सुरुवात आदल्या दिवशी होते. उरलेले वडे जाळीवर किंवा चाळणीत उघडे ठेवून पूर्ण निवू द्यावेत, अर्धा-पाऊण तास पुरतो, मग डब्यात तळाला टिश्यू पेपर घालून फ्रिजमध्ये. एवढ्या एका सवयीने जो फरक पडला तो कुठल्याही तापमानाच्या आकड्याने पडला नाही.

वर्तमानपत्रात बांधून आणलेले वडे-भजी असतील तर घरी येताच कागदातून सोडवून ठेवा. अन्नाला छापील कागद लावायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांत मनाईच आहे, कारण शाई तेलात उतरते. त्या कागदासकट यंत्रात ठेवणं तर अजिबात नको.

कांदाभजी, विशेषतः खेकडा भजी, वड्यासारखी वागत नाही. तिच्यात जाड असं काही नसतंच, त्यामुळे आत गार राहायचा प्रश्न नाही. प्रश्न असतो करपण्याचा. कांद्याच्या पातळ पाकळ्या बाहेर आलेल्या असतात, त्यांत साखर असते आणि ती झपाट्याने काळी पडते. १६० वर ३ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. वरून तेल लावू नका, भजीत ते आधीच पुरेसं आहे आणि तापल्यावर परत वर येतं.

वातड झालेलं: साबुदाणावडा, थालीपीठ, पाव

इथे मी सगळ्यात जास्त दिवस अडकले होते.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ शुद्ध स्टार्च, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला मोठ्या प्रमाणावर होतो. स्टार्च पाण्यात शिजला की त्याच्या साखळ्या सुट्या होऊन पाणी धरून ठेवतात, म्हणून ताजा साबुदाणावडा आतून लुसलुशीत असतो. गार झाल्यावर त्याच साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट रचल्या जातात आणि धरलेलं पाणी सोडतात. फ्रिजमधल्या चार-पाच अंशांना हे सगळ्यात वेगाने होतं. म्हणून रात्रीचा वडा सकाळी खड्यासारखा असतो. चांगली बातमी अशी की ही रचना बऱ्याच अंशी परत मोडते. त्यासाठी आतलं तापमान ६० ते ७० अंशांच्या वर जावं लागतं आणि त्या वेळी जवळ पाणी असावं लागतं. एअर फ्रायर पहिली अट पूर्ण करतो आणि दुसरी बिघडवतो, कारण त्याचा वारा पाणी उडवून नेतो.

यावर माझा उपाय असा. वड्यांना पाण्याचा हात लावायचा, अगदी दोन-तीन थेंब. ते ॲल्युमिनियम फॉईलमध्ये सैल गुंडाळायचे, १५० वर ८ मिनिटं. पुडीच्या आत वाफ कोंडते आणि साबुदाणा पुन्हा मऊ होतो. मग फॉईल काढून वड्यांना तुपाचा किंवा तेलाचा पुसट हात आणि १८० वर ३ मिनिटं. ताज्या वड्याची बरोबरी होते असं मी म्हणणार नाही. पण उपासाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःहून दुसरा मागून घेतला, आणि त्या मुद्दाम कौतुक करणाऱ्यांतल्या नाहीत.

थालीपिठाला फॉईल लागत नाही, ते पातळ असतं. दोन्ही बाजूंना ओला हात, १६० वर ३ मिनिटं, काढल्याबरोबर वर लोणी. भाजणीत डाळी असल्याने ते साबुदाण्याइतकं खडखडीत होत नाही. लादीपावाला वरून पाणी शिंपडून १५० वर २ मिनिटं पुरतात. पाव लगेच खायचा मात्र, पाच मिनिटांत तो आधीपेक्षा वातड होतो. आणि पाव मुळात फ्रिजमध्ये ठेवूच नये. एक दिवस असेल तर बाहेर डब्यात, जास्त दिवस असेल तर फ्रीझरमध्ये, कारण मधल्या थंडीत तो सगळ्यात लवकर शिळा होतो.

सादळलेलं: यात या यंत्राला तोड नाही

पावसाळ्यात डबा उघडा राहिला की चकली, शेव, कडबोळी, शंकरपाळे, मक्याचा चिवडा सगळंच सादळतं. पूर्वी आई तापलेला तवा उतरवून त्यावर ताटली ठेवायची, किंवा ऊन पडलं की गच्चीत वाळवायची. एअर फ्रायर हे काम फारच नीट करतो, कारण इथे त्याचा कोरडा वारा हाच आपल्याला हवा असतो. आत ओलं सारण नाही, जाडी नाही. १२० अंश, ४ मिनिटं, एका थरात पसरून.

बाहेर काढल्यावर लगेच चाखून "अजून मऊच आहे" असं वाटेल आणि पुन्हा आत टाकावंसं वाटेल. टाकू नका. गरम असताना चकली थोडी लवचीकच असते, कुरकुरीतपणा निवताना येतो. पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा, नाहीतर स्वतःच्याच वाफेने परत सादळेल. १५० च्या वर गेलात तर चकलीतलं तीळ आणि तिखट करपतं आणि तेलाला खवट वास येतो.

पापड, कुरडया, पोह्याचा चिवडा असलं हलकं काही सुटं ठेवू नये. पंख्याच्या झोताने ते उडून वरच्या कॉइलला चिकटतं आणि पेट घेऊ शकतं. नुसता बटर पेपर घालून यंत्र रिकामं तापवलं तरी हाच धोका असतो, कागदावर पदार्थाचं वजन हवंच. पापडावर मी स्टीलची छोटी जाळी पालथी घालते.

जे यात घालूच नये

पोळी. एका मिनिटात कडा पापडासारख्या होतात, दोन मिनिटांत सगळी. पोळी पातळ आहे, तिच्यात आधीच पाणी थोडं, आणि हा वारा ते पळवतो. तवा तापवून पाण्याचा हबका मारून वर झाकण, अर्धं मिनिट, याहून चांगला उपाय नाही. पुरणपोळी तव्यावरच, तुपात. भाकरीचंही तेच. मात्र उरलेल्या भाकरीचे तुकडे करून तेल-तिखट-मीठ चोळून मुद्दाम कडक करायचे असतील तर १६० वर ६ मिनिटांत झकास होतात.

उकडीच्या मोदकांची पारी वाऱ्याने तडकते, त्यांना पुन्हा वाफच द्यावी. तळणीचे मोदक मात्र १५० वर ५ मिनिटांत जणू आत्ता काढले असे लागतात. भात घालू नये: वरचा थर दाताखाली खडे आल्यासारखा होतो आणि खालचा थंड राहतो. भाताबद्दल आणखी एक गंभीर गोष्ट आहे, ती पुढे सांगते.

अर्ध्यावर थांबवून ठेवावं असं

कोथिंबीरवडी आणि अळूवडी यांची गंमत अशी की त्यांना उरलेलं म्हणून गरम करण्याची गरजच पडू नये. वाफवलेला उंडा किंवा अळूची गुंडाळी पूर्ण निवली की अख्खीच, न कापता, घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवायची. दोन-तीन दिवस छान राहते. हवी तेव्हा बोटभर जाडीच्या चकत्या कापायच्या, दोन्ही बाजूंना तेलाचा ब्रश, १८० वर १० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. पातळ असल्याने उष्णता लगेच आत पोचते, आणि कवच आधी तळलेलं नसल्याने दुसऱ्यांदा करपायचा प्रश्नच येत नाही. आता मी गौरी-गणपतीत अळूवडीच्या दोन गुंडाळ्या जास्तच वाफवते आणि तळते तेवढ्याच, जेवढ्या पानात वाढायच्या आहेत.

मासे आणि चिकन

रव्यातली सुरमई १६० वर ४ ते ५ मिनिटं, न उलटता. तुकडा दीड सेंटिमीटरच्या आसपास असतो म्हणून एवढ्यात होतो. जास्त ठेवली की मांस कोरडं आणि धाग्याधाग्याचं होतं. तंदुरीचा हाडाचा तुकडा जाड असतो, त्याला वड्याचाच नियम: फॉईलमध्ये १५० वर १२ मिनिटं, मग उघडून २ मिनिटं, आणि हाडाजवळ सळई घालून ७४ अंश बघायचेच. मांसाच्या बाबतीत अंदाजावर सोडू नका.

तापवलं म्हणजे निर्धोक झालं, असं नाही

हा भाग चवीचा नाही, म्हणून कृपा करून वगळू नका.

एअर फ्रायर घरात आल्यापासून एक धीट समजूत पसरलेली दिसते की २०० अंशांत काहीही जंतू मरतात. पहिली गोष्ट, २०० अंश हवेचे असतात. वड्याच्या पोटात २४ होते हे वर सांगितलंच. अमेरिकेचा कृषी विभाग उरलेलं अन्न आतपर्यंत ७४ अंश तापवायला सांगतो, ते मध्यभागाबद्दल आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भातात, आणि एकूणच पिठूळ पदार्थांत, बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर तसाच राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष १२१ अंशांवर दीड तास ठेवूनही टिकतं. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला मसालेभात सकाळी कितीही कडकडीत तापवला तरी सुरक्षित होत नाही. शिजवल्यापासून २ तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासाच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे रोजच १ तास धरा. मोठ्या पातेल्यातलं अन्न पसरट ताटात काढलं की लवकर निवतं. जेवढं खायचं तेवढंच तापवा, एकदा तापवलेलं पुन्हा ठेवू नका. चिकट झालेला, आंबूस वासाचा पदार्थ "तळून घेऊ" म्हणून वाचवायचा प्रयत्न करू नका. लहान मुलं आणि वयस्कर माणसं घरात असताना तर नाहीच.

सगळं बरोबर करूनही जमत नसेल तर

आधी टोपली बघा. आठ वडे एकाला एक चिकटून ठेवले तर हवा फिरायला वाट राहत नाही, मधले चार मऊ आणि कडेचे चार काळे होतात. अर्धी टोपली भरा, दोन खेपा करा. यंत्र ३ मिनिटं रिकामं तापवून घेतलं की वेळेचा अंदाज रोज सारखा येतो.

धूर आणि करपट वास येत असेल तर तो बहुतेक वेळा वड्याचा नसतो. जाळीखाली पडलेला बेसनाचा चुरा आणि तेल जळत असतं. दर खेपेनंतर खालचं भांडं पुसा, तेलकट पदार्थ असेल तर जाळीखाली दोन चमचे पाणी घाला. तरीही वास गेला नाही तर यंत्र बंद करून, पिन काढून, पूर्ण थंड झाल्यावर उलटं करा आणि कॉइल ओलसर फडक्याने पुसा. उडालेले शिंतोडे तिथे साचतात, कुणाचं लक्षच जात नाही.

आणि शेवटी वीज. हे मला गावी कळलं. मुंबईजवळच्या आमच्या घरात वही तयार झाली होती, तीच घेऊन मे महिन्यात चिपळूणजवळ सासरच्या घरी गेलो, यंत्रही बरोबर नेलं. दुपारी केलेलं सगळं वहीप्रमाणे झालं. संध्याकाळी साडेसातला तेच वडे, तीच वेळ, आणि आत ५१ अंश. दिवे जरा मंद वाटत होते म्हणून दिरांनी मीटर लावून पाहिलं तर दाब २०० व्होल्टच्या आसपास होता. यंत्र २३० व्होल्टसाठी बनवलेलं असतं, आणि कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. २०० व्होल्टला १५०० वॉटचं यंत्र साधारण ११३० वॉटच देतं, म्हणजे पाऊणच. पडद्यावर १५० लिहिलेलं दिसतं, पण थंडगार वडे आत गेल्यावर तिथपर्यंत परत चढायला त्याला बराच वेळ लागतो. तुमच्याकडे "काल झालं, आज होत नाही" असं असेल, आणि आज म्हणजे संध्याकाळी सगळ्यांचे पंखे-पंप चालू असतानाची वेळ असेल, तर आधी हे तपासा. तेव्हा सुरुवातीचं तापवणं ५ मिनिटं आणि पहिल्या टप्प्याला ३-४ मिनिटं जास्त द्या, तापमान वाढवू नका.

खटका कोणता वापरताय तेही बघा. १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर. मोबाइल चार्जरसाठी असतो तो छोटा ६ अँपिअरचा सॉकेट यासाठी नाही, मोठा १६ अँपिअरचा लागतो. एक्स्टेंशन बोर्डाला लावलं तर वायर गरम होते, तिथेही विजेचा दाब थोडा घटतो आणि कधीतरी पिन वितळते. गावच्या स्वयंपाकघरात मोठा सॉकेट नव्हता, म्हणून तिसऱ्या दिवसापासून यंत्र पडवीतल्या पंपाच्या सॉकेटवर लावलं. तिथे १५० वर ११ मिनिटं आणि १९० वर २ मिनिटं, अर्धे केलेले वडे, आत ७५ अंश. तो आकडा वहीत शेवटच्या पानावर 'गाव, संध्याकाळ' असा वेगळा लिहून ठेवला आहे.